वचन आधी की शास्त्र आधी?

ख्रिस्ती धर्मातील 'वचन' आणि 'नियमशास्त्र' यांचा झगडा हा विषय तेलगावच्या वसंत व्याख्यानासाठी घेतला, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. ज्या चौकातून एक रस्ता बीडला, दुसरा परळीला, तिसरा माजलगावला आणि चौथा धारूरला जातो, तेथे ज्योतिर्लिंगावर बोलावे, मुकुंदराज-दासोपंतांवर बोलावे. पौल नावाच्या यहुदी माणसाचे येथे काय काम? आमचे म्हणणे असे की, हा झगडा परक्यांचा असला तरी त्यातला प्रश्न या मुलखाला सातशे वर्षांपासून ओळखीचा आहे. माणसाला देवाच्या दारात प्रवेश मिळतो तो देवाने दिलेल्या शब्दामुळे, की शास्त्राने सांगितलेले आचार बिनचूक पाळल्यामुळे? आणि आचार चुकले तर परत येण्याची वाट कोणाच्या हाती? गोदावरीच्या खोऱ्यात हा प्रश्न कित्येकदा विचारला गेला आहे, आणि एकदा तर तो एका बारा वर्षांच्या मुलाच्या नशिबी आला. त्या मुलापर्यंत पोचण्यासाठीच आधी थोडे दूरचे वळण घ्यावे लागत आहे.

झगड्याची सुरुवात झाली ती पंक्तीवरून. अंत्युखिया नगरात येशूचे यहुदी अनुयायी आणि बिगरयहुदी अनुयायी एकत्र जेवत असत. पेत्र हा येशूचा थोर शिष्य; तोही त्या पंक्तीला बसे. पुढे यरुशलेमेहून काही कडक मंडळी आली, आणि त्यांच्या धाकाने पेत्राने बिगरयहुद्यांबरोबर बसणे सोडले. पौलाने त्याला सर्वांच्या देखत खडसावले. तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा ग्रंथसंभार ज्या वादातून पुढे उभा राहिला, तो वाद मुळात 'कोणी कोणाबरोबर जेवावे' यावरचा होता, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. युरोपातील पंडितांना ते समजावून सांगावे लागते.

इ. स. ५० च्या सुमारास गलतीया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, मंडळ्यांना पौलाने जे पत्र लिहिले त्यात त्याने आपली बाजू वकिलासारखी मांडली आहे. तेथे कोणी उपदेशक असे सांगत होते की, ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली हे ठीक; पण सुंता करून घेतल्यावाचून आणि मोशेचे नियमशास्त्र स्वीकारल्यावाचून अब्राहामाच्या वंशात गणना होणार नाही. पौलाचे उत्तर कालक्रमावर आधारलेले आहे. देवाने अब्राहामाला वचन दिले. शास्त्र आले ते त्यानंतर चारशे तीस वर्षांनी. एखाद्या माणसाचे मृत्युपत्र एकदा कायम झाले म्हणजे मागाहून त्यात कोणी अटी घुसडू शकत नाही. मग देवाच्या वचनात कशा घुसडाव्यात? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो आणखी एक पाऊल पुढे जातो. अब्राहाम नीतिमान गणला गेला तेव्हा त्याची सुंतासुद्धा झालेली नव्हती! आधी विश्वास, खूण मागाहून. मग शास्त्र दिले तरी कशाला? पौल म्हणतो, श्रीमंताघरच्या मुलाला शाळेत पोचवणारा, वाटेत दटावणारा एक दास असे; शास्त्र म्हणजे तो रखवालदार. मुलगा वयात आला म्हणजे त्याचे काम संपले.

याच ओघात पौलाने मजुरीचा दाखला दिला आहे, आणि तो या भागाइतका दुसरीकडे कुठे पटेल असे आम्हाला वाटत नाही. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी. ती कृपा नव्हे, ते त्याचे येणे. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा कोयत्यामागे उचल घेतलेली असते. मुकादमाने पैसे आधी दिले म्हणून ते काही दान होत नाही. हंगाम संपला की मोळ्यांचा हिशेब होतो, आणि फिटले नाही ते पुढल्या साली अंगावर राहते. पण भाऊबिजेला ताटात पडलेली ओवाळणी कोणी कामात वळती करून घेत नाही. (तिचाही बारीक हिशेब ठेवणारे भाऊ असतात; त्यांची गोष्ट वेगळी.) पौलाचे सांगणे एवढेच की, देवाशी असलेले नाते उचलीचे नाही. शास्त्रावर भिस्त ठेवणारा माणूस, त्याच्या मते, ओवाळणीची उचल करून बसतो आणि मग आयुष्यभर फेडीत राहतो.

येथे यहुद्यांची बाजू सांगितलीच पाहिजे, नाही तर अन्याय होईल. शतकानुशतके ख्रिस्ती उपदेशकांनी, विशेषतः १५१७ नंतर लूथरच्या परंपरेने, यहुदी धर्माचे चित्र असे रंगवले की जणू तो पुण्याची वही लिहिणाऱ्यांचा धर्म. १९७७ साली ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने पौलाच्या काळचे यहुदी वाङ्मय तपासून दाखवून दिले की, यहुद्यांच्या दृष्टीने करार ही देवाची कृपाच होती; शास्त्र पाळायचे ते करारात शिरण्यासाठी नव्हे, तर करारात आहोत म्हणून. या मताला पुढे पुष्कळ उत्तरे निघाली, पण जुने चित्र तसेच्या तसे काही परत उभे राहिले नाही. आणि आपल्याकडे तर याचा जिवंत दाखला कोकणात होता. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू विसरली होती. मुलांची सुंता, शनिवारचा विसावा, खवले नसलेला मासा न खाणे आणि 'शमा' या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, एवढ्यावर एक समाज टिकून राहिला. वचनाची पोथी हरवली होती. ती सांभाळली नियमाने. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, त्याच्या मनात या लोकांना ख्रिस्ताकडे आणावे असे होते. त्यांनी हिब्रू शिकून घेतली, आणि फारच थोडे अपवाद सोडता ते यहुदीच राहिले, उलट अधिक जाणते यहुदी झाले.

आता गोदाकाठी येऊ. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' रचला. व्रते, दाने, श्राद्धे, काल यांचा तो सागरच आहे. आणि परंपरा सांगते की, त्याच शतकात संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, नवराबायकोने ते घेतले, आणि तरीही त्यांच्या चार मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभे राहावे लागले. या हकिकतीतला चमत्कारांचा भाग बाजूला ठेवला तरी तिचा गाभा लोकांनी सातशे वर्षे जपला याचे कारण आम्हाला असे दिसते की, आईबापांनी शास्त्राची पुरी किंमत मोजली तरी मुलांना दार उघडत नाही, ही गोष्ट लोकांच्या मनाला लागून राहिली. हेमाद्रीला मात्र आम्ही खलपुरुष ठरवू इच्छीत नाही. नियमाचा एक मोठा गुण असा की त्याला शेवट असतो. अमुक कृच्छ्र, अमुक दान, झाले, मनुष्य मोकळा. विश्वासाला मात्र असा मोजता येणारा शेवट नाही, आणि म्हणून पुष्कळ भाविक जीव शास्त्राच्या आसऱ्याला जातात. शिवाय शास्त्रात दया नाही असेही नाही. देवलस्मृतीने म्लेंच्छांच्या हाती सापडलेल्यांना परत घेण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुले, ऐंशीच्या पुढचे वृद्ध, स्त्रिया आणि रोगी यांना अर्धेच प्रायश्चित्त, असा धर्मशास्त्राचा सर्वमान्य संकेत आहे. शिवछत्रपतींनी १६७६ मध्ये नेताजी पालकरांना परत घेतले ते प्रायश्चित्ताच्याच वाटेने.

ही वाट १८४३ साली मुंबईत कसोटीला लागली. विल्सनच्या मंडळींच्या शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण त्या वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. विल्सन स्वतः तेव्हा रजेवर होते. दीक्षा दिली ती त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांनी. नारायणाच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी येऊन राहिला. त्याचे वय सुमारे बारा. त्याला दीक्षा दिलेली नव्हती. बापाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला, आणि कोर्टाने मुलगा अज्ञान असल्यामुळे बापाच्या ताब्यात दिला.

येथपर्यंतची गोष्ट त्या काळी इतरत्रही घडली आहे. खरा पेच घरी परतल्यावर पडला. मुलगा ख्रिस्ती मंडळींच्या घरी राहिला होता आणि भावाबरोबर जेवला होता; तेव्हा तो ब्राह्मण उरला की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी, 'दर्पण'कर्त्या त्या विद्वानाने, प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे असा पक्ष धरला आणि त्यासाठी खटपट केली. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले, आणि मुलाची बाजू घेणाऱ्यांवरच बहिष्काराची तलवार लटकू लागली. बाळशास्त्री १८४६ मध्ये अकाली गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतला हा मोठा मनस्ताप होता.

या प्रकरणात कोणी कोणता प्रश्न विचारला ते पाहण्यासारखे आहे. मिशनऱ्यांनी विचारले, मुलाचा विश्वास कशावर आहे? कोर्टाने विचारले, मुलाचे वय काय? शास्त्र्यांनी विचारले, मुलगा कोणाच्या घरी जेवला? तीन प्रश्न, तीन वेगळी जगे, आणि प्रत्येकाच्या जगात त्याचाच प्रश्न तेवढा खरा. आमच्या मते यांतले बाळशास्त्री हेच सर्वांत अडचणीच्या जागी उभे होते. ते शास्त्र मोडा असे म्हणत नव्हते. शास्त्रानेच उघडे ठेवलेले दार बंद करू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी विरोध केला त्यांची भीती अशी की, एका मुलाला सूट दिली तर उद्या कुंपणच राहणार नाही. पेत्राने ज्या भीतीने अंत्युखियाची पंक्त सोडली, तिच्याहून ही भीती फार वेगळी होती असे आम्हाला वाटत नाही.

थोरला भाऊ नारायण मात्र आपल्या मराठवाड्यात आला. १८६० नंतर त्याने जालन्यास ठाण मांडले. त्याच्याभोवती जमले ते मांग, महार असे गावकुसाबाहेरचे लोक. जातीने ब्राह्मण, शिक्षणाने इंग्रजी पंडित, आणि मंडळी मांगवाड्यातली. पंक्तीचा प्रश्न येथे पौलाच्या काळापेक्षाही टोकदार होता. निजाम सरकारचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. हे नाव उगीच ठेवलेले नाही. याकोब घरातून पळून जात असता दगडाची उशी करून ज्या ठिकाणी निजला, आणि 'ही भूमी तुला व तुझ्या संततीला देईन, तुला परत आणीन' अशा अर्थाचे वचन ज्या ठिकाणी त्याला मिळाले, त्याचे नाव त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे ठेवले होते. ज्यांच्या नावावर कोणी जमीन लिहिली नव्हती अशा माणसांच्या वस्तीला वचनभूमीचे नाव! १८७३ मध्ये नारायण शेषाद्री न्यू यॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेला पागोटे बांधून गेला, आणि तिकडच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण त्याची खरी योग्यता जालन्याच्या त्या काळ्या मातीत दिसते.

वारशाचा मुद्दा तर दोन्हीकडे अक्षरशः एकच होता. पौलाचा सारा युक्तिवाद वारस कोण यावर चालतो. इकडे हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे धर्म सोडणारा वडिलार्जित मिळकतीला मुके, आणि कंपनी सरकारने १८५० चा २१ वा कायदा करून ही शिक्षा काढून टाकली. तेव्हा मद्रास-कलकत्त्याकडून त्याविरुद्ध मोठे अर्ज गेले. म्हणजे वचनावर विश्वास ठेवून घर सोडणाऱ्याला घराचा वाटा मिळाला तो शेवटी सरकारी कायद्यामुळे. गरिबांचे गणित याच्या अगदी उलटे ठरले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. त्या १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना मात्र त्यांत जागा मिळाली नाही. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हे त्यासाठी पुढे केलेले कारण. गावाने ज्याची जात कधी विसरली नाही त्याला कायद्याने सांगावे की तुला आता जात नाही, यातली विसंगती सांगण्यास पौलाची गरज नाही.

तरीही कोणी असे समजू नये की, वचनाचा धर्म हाती आला म्हणजे शास्त्र मागे पडते. गोव्याचा इतिहास पाहा. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन आले आणि थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत राहिले. १७३६ च्या त्याच्या फर्मानाने अंगणातली तुळस, लग्नातली पानसुपारी, पुरुषाचे धोतर, मीठ न घालता भात शिजवणे, असल्या गोष्टीही गुन्ह्यांत जमा केल्या. भातात मीठ कधी घालावे हा प्रश्न धर्मपीठापुढे आला म्हणजे तेथे पौलाचा पराभव झाला असेच म्हटले पाहिजे. याच भूमीत फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे वाईट अधिकच वाटते. प्रॉटेस्टंट मिशनांनी तुरुंग उभारले नाहीत, पण दीक्षेपूर्वी सोडावयाच्या गोष्टींची यादी त्यांच्याकडेही असे, आणि दारिद्र्याने मृत मांस खाणाऱ्या माणसाची परीक्षा पुष्कळदा त्याच्या विश्वासावरून न होता त्याच्या हंडीवरून होई.

व्यक्तींच्या मनातही हा झगडा मिटत नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. त्यांच्याइतका प्रामाणिक आणि त्यांच्याइतका अस्वस्थ माणूस त्या पिढीत दुसरा नाही. विश्वासाने तारण होते हे मान्य. पण माझा विश्वास पुरेसा आहे हे कशावरून, ही शंका त्यांना आयुष्यभर सुटली नाही, आणि ते हळूहळू उपासतापास, व्रतस्थ जीवन आणि प्राचीन चर्चची शिस्त यांकडे वळले. लक्ष्मीबाई टिळकांचे उलट झाले. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाईंनी पुढे कित्येक दिवस आपली चूल आणि सोवळे वेगळे ठेवले. जातीचे बंधन त्यांच्या मनातून आधी गळून पडले, आणि बाप्तिस्मा त्यांनी मागाहून, १९०० मध्ये घेतला.

आणि पंडिता रमाबाई. कलकत्त्यास धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना त्यांना असे दिसले की, शास्त्रांचे हजार गोष्टींत मतभेद असले तरी स्त्रीविषयी सर्वांचे एकमत आहे, आणि ते तिच्या विरुद्ध आहे. शास्त्राच्या पोटातून शिकून बाहेर पडलेली ही बाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे दीक्षा घेते आणि लगेच तेथल्या जोगिणींशी वाद मांडते: चर्चने सांगितले म्हणून मी एखादे मत का मानावे? एक शास्त्र सोडले ते दुसऱ्याच्या हाती मान देण्यासाठी नव्हे, हा तिचा बाणा. पुढे १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून, तिला वाटले की आपण ख्रिस्ती धर्म घेतला पण ख्रिस्त घेतला नाही; आपण पात्र होऊन जायचे नाही, आहोत तसेच जायचे. म्हणजे पौलाचे म्हणणे तिला दीक्षेनंतर आठ वर्षांनी उमगले, आणि तेही बिशपाकडून नव्हे.

शेवटची कित्येक वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. आधीची भाषांतरे होती. त्यांत शास्त्रीपंडितांच्या हातचे संस्कृत शब्द फार, आणि त्यांना वेदान्ताचा वास. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकती झालेल्या बायांना ती कळत नसत. 'कृपा' हा शब्द संतांनी घरोघर पोचवला होता, 'वचन' तर जात्यावरही होते. अडचण 'नियमशास्त्र' आणि 'नीतिमान' अशांची होती, आणि तेथे रमाबाईंनी साधा शब्द शोधण्याची पराकाष्ठा केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवण्यापासूनची कामे सदनातल्या बायांनी केली होती.